थँक्सगिव्हिंगला बाबांचं ताट वेगळं नको

नमस्कार मंडळी,

यंदा थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथे अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी होणाऱ्या सणाच्या जेवणाला, आमच्याकडे चौदा माणसं आहेत. सासरे सांगलीहून आलेत. त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. गेल्या वर्षीही ते इथेच होते, आणि मी काळजीपोटी त्यांना वेगळं ताट वाढलं: दोन फुलके, मुगाची आमटी, काकडी. बाकीचे मार्शमेलो घातलेलं रताळं आणि गोड ‘पाय’ (pie) खात होते. नातीने विचारलं, "आजोबांना यातलं काहीच नाही?" बाबा नुसते हसले. ते हसणं मला वर्षभर टोचतंय.

यंदा टेबलावर येईल ते सगळं त्यांना खाता आलं पाहिजे. जाऊबाईंचा जावई अमेरिकन आहे, तेव्हा टर्की राहील. पण भोपळा, रताळी, फरसबी ही तर आपलीच भाजी मंडई, आणि क्रॅनबेरी म्हणजे एक लाल, आंबट फळ. तुम्ही कशाचं काय करता, ते कळवा.

— एडिसनहून

---

ताई,

बटरनट स्क्वॉशचं, म्हणजे इथल्या लांबट भोपळ्याचं, भरीत करा. आमच्या घरी पायच्या आधी तेच संपतं. फळ उभं चिरून, बिया काढून, पालथं घालून ४०० फॅरनहाइटला पाऊण तास भाजायचं. मिक्सरला लावू नका, हातानेच कुस्करा. पूर्ण गार झाल्यावर दही, नाहीतर पाणी सुटतं. चमचाभर मोहरी फेसून घालायची, वरून हिंग-मिरचीची फोडणी. साखर लागत नाही, भाजल्यावर तो मुळातच गोड होतो.

क्रॅनबेरीचा मी मेथांबा करते. ३४० ग्रॅमच्या पिशवीवरच्या कृतीत कपभर, म्हणजे २०० ग्रॅम साखर असते. मी मेथीदाण्यांच्या फोडणीत फळं टाकते, ती तडतड फुटली की तिखट, मीठ आणि अर्धी वाटी गूळ. कैरीची आठवण येणार नाही, इतका आंबट होतो.

रताळ्याचा कीस करणार असाल तर नारिंगी रताळी घेऊ नका, त्यांचा लगदा होतो. जांभळ्या सालीची, आतून पांढरी असतात ती आणा. कीस मोकळा होतो. दाण्याचं कूट, जिरं, थोडं तूप.

— पार्सिपनीहून

---

नमस्कार,

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. गूळ साखरेइतकाच रक्तातली साखर वाढवतो. मेथांबा छानच आहे, पण लोणच्यासारखा, चमचाभर वाढा. रताळं ओव्हनमध्ये भाजण्यापेक्षा उकडलेलं बरं, भाजलेल्याने साखर लवकर चढते. कीस केलात तर त्या दिवशी भात आणि स्टफिंग (टर्कीबरोबरचं पावाचं सारण) थोडंच घ्यायला सांगा, सगळे पिष्ट पदार्थ एका ताटात नकोत. फरसबी मात्र हवी तेवढी, ओलं खोबरं घालून. क्रीमच्या सूपमधली नको.

पदार्थांपेक्षा मला वेळेची जास्त काळजी वाटते. इथे हे जेवण तीन-चारला होतं, आणि टर्की लांबली की पाच वाजतात. "आज मोठं जेवण आहे" म्हणून आजोबा दुपारचं खात नाहीत, गोळी किंवा इन्सुलिन मात्र ठरल्या वेळी घेतात. अशाने साखर एकदम खाली येऊ शकते. बारा वाजता त्यांना नेहमीसारखं थोडं खायला द्या, आणि त्या दिवशी औषध कधी घ्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पाय खावासा वाटला तर खाऊ द्या, दोन बोटांएवढा तुकडा, आणि तोही सगळ्यांबरोबर बसून.

— ब्रिजवॉटरहून

---

मंडळी,

किती आभार मानू! वेळेची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. गेल्या वर्षी बाबांना दुपारी घाम फुटला होता, आम्ही हीटरला दोष दिला. सांगलीच्या डॉक्टरांशी काल फोनवर बोललो, त्यांनी त्या दिवशीच्या वेळा लिहून दिल्यात. कागद फ्रिजवर लावलाय.

रविवारी भरीत करून पाहिलं. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "मोहरी फेसलीयस? माझी आई असंच करायची." मग दुसऱ्यांदा मागून घेतलं. नारिंगी रताळ्यांचा मात्र खरंच लगदा झाला, आता जांभळ्या सालीची आणायला हवीत.

गुरुवारची फरसबी निवडायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. नातीला शिरा काढायला शिकवणार आहेत.

— एडिसनहून