मदत हवी आहे: लिनक्सवर डायल-अप मधेच तुटतं

नमस्कार मंडळी,

रेड हॅट 9 या लिनक्सवर केपीपीपी या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमने फोन लाइनवरून नेट जोडतो. मोडेम बाहेरचा, 56केचा, सिरियल पोर्टवर आहे, म्हणजे विनमोडेमच्या (विंडोजच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असणाऱ्या मोडेमच्या) ड्रायव्हरची भानगड नाही. नंबर लागतो, लॉगिन होतं, पानंही उघडतात. पण दहा-पंधरा मिनिटांत लाइन पडते. मोडेमवरचा सीडीचा (कॅरियर डिटेक्ट, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सिग्नल मिळत असल्याचा) दिवा विझला की पुन्हा डायल करा आणि पुन्हा एका कॉलचा भुर्दंड भरा!

लॉगमध्ये दोन तऱ्हा दिसतात. कधी नुसतं 'मोडेम हँगअप'. कधी आधी 'नो रिस्पॉन्स टू 4 एको-रिक्वेस्ट्स' (जोडणी जिवंत आहे का हे विचारणाऱ्या चार संदेशांना उत्तर नाही) आणि लगेच 'सिरियल लिंक अपिअर्स टू बी डिसकनेक्टेड'. या दुसऱ्या प्रकारात पीपीपीडी (जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) स्वतःच फोन ठेवतो, म्हणून एलसीपी-एको-फेल्युअर (किती एको-रिक्वेस्टना उत्तर नाही आलं की जोडणी तोडायची तो आकडा) शून्य केलं, म्हणजे ही तपासणी बंद केली. तो मेसेज गेला खरा, पण आता कधीकधी दिवा चालू आणि डेटा ठप्प. हे तर जास्तच वैतागवाणं.

कॉल वेटिंग बंद आहे, त्याच लाइनवरचा दुसरा फोन काढून पाहिला, 'आयडल'चा (काही वेळ वापर नसला की लाइन तोडण्याचा) पर्याय लावलेलाच नाही. याच मशीनवर, याच वायरवर विंडोज 98 मध्ये मात्र तासभर टिकतं, त्यामुळे नुसत्या लाइनला दोष देववत नाही.

माझा संशय फ्लो कंट्रोलवर (संगणक आणि मोडेम एकमेकांना 'थांब', 'पाठव' सांगतात त्या व्यवस्थेवर) आहे. 'सीआरटीएससीटीएस' हा हार्डवेअर फ्लो कंट्रोलचा पर्याय लागू झालाय की नाही हे कसं तपासायचं? इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या आज्ञांमध्ये) एस10, म्हणजे कॅरियर गेल्यावर फोन ठेवण्याआधी थांबण्याचा वेळ, वाढवून क्षणभर कॅरियर गेल्यावरचं तुटणं थांबेल का? की पोर्टचा वेग 115200 वरून 57600 वर आणू?

डीबग लावलेला पूर्ण लॉग हवा असेल तर सांगा, लगेच टाकतो.