पीएचडीनंतर काय करता? अनुभव सांगा

धागाकर्ता

पीएचडीला किती जण बसलेत याचा हिशेब आपल्याकडे नीट ठेवलेला आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत २०१४-१५ साली १.१७ लाख विद्यार्थी पीएचडीला होते, २०२१-२२ साली २.१३ लाख. पदवी घेऊन ही माणसं जातात कुठे आणि पोट कशावर भरतात, हे मात्र कोणी धड विचारत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी आली की कॉलेजं माजी विद्यार्थ्यांना फॉर्म पाठवतात. त्यात 'नोकरी : आहे / नाही' एवढंच असतं.

अमेरिकेत १९७३ पासून, साधारण दर दोन वर्षांनी, पीएचडी झालेल्यांना गाठून त्यांच्या कामधंद्याची चौकशी होते. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. तुमच्या सध्याच्या कामाचा पीएचडीच्या विषयाशी संबंध किती? जवळचा, थोडाफार, की काहीच नाही? आणि नसेल तर कशामुळे? पगार, गाव, घरची कारणं, मन बदललं, की त्या विषयात कामच मिळालं नाही?

इथे तेच करू. विषय, साल, खर्च कोणी केला, आता काय करता, नेमणूक कशी आहे आणि हा संबंधाचा प्रश्न. पगाराचा आकडा सांगायचा नसेल तर तो महिन्याच्या महिन्याला होतो का तेवढं लिहा, त्यावरून बरंच कळतं. गाइडचं आणि संस्थेचं नाव नको. 'पुन्हा संधी मिळाली तर पीएचडी कराल का' हे मुद्दाम विचारत नाही, त्याचं उत्तर त्या आठवड्यात पगाराचं बिल निघालंय की नाही यावर ठरतं.

माझं : संख्याशास्त्र, २०१६, पुण्यात विमा कंपनीत, कायम. संबंध थोडाफार. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तासिकावाला

मराठी, २०१७. सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) त्याच्या आधीच झाली होती. मराठवाड्यातल्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो.

तुमच्या त्या 'आहे / नाही'मध्ये मी कुठे बसतो ते आधी सांगा. नेमणुकीची मान्यता यायला ऑगस्ट, कधी सप्टेंबर उजाडतो आणि मार्चमध्ये तास संपतात. मधल्या काळात नोकरी आहे, उरलेल्या काळात नाही. बिल वर जातं, त्रुटी निघते, परत येतं. दिवाळीचे पैसे होळीला हातात पडले तरी आम्ही बरं म्हणतो.

एका कॉलेजात आठवड्याला नऊच तास मिळतात, म्हणून दुसरं कॉलेज, आणि दोन्हींच्या मधे मोटारसायकल. पैसे फक्त वर्गात उभं राहिल्याचे. एनएसएसचं शिबिर, नॅकच्या फायली, वार्षिकांकाची प्रुफं हे सगळं प्रेमाखातर. नाही म्हणायची सोय नसते, पुढच्या वर्षीच्या यादीत नाव यायचं असतं.

'मुलाखती देत नाहीत का?' असं नातेवाईक विचारतात. देतो की. २०२१ साली सरकारने राज्यातल्या कॉलेजांतली २,०८८ पदं भरायला मान्यता दिली, तेव्हा जाहिरातींची कात्रणं करून फिरलो. आधी बिंदुनामावलीत (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची ते ठरवणाऱ्या यादीत) जागा आपल्या प्रवर्गाची निघायला हवी, मग विषय जुळायला हवा आणि मग संस्थेचा माणूस आधीच ठरलेला नसायला हवा. एके ठिकाणी मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी फोन आला आणि आकडा सांगितला. आमचं कोरडवाहू रान सगळं विकलं असतं तरी तो भरला नसता.

नियमांचंही एकदा लिहितो. २०१८ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठरवलं की विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर १ जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची. करोनात ती मुदत २०२३ पर्यंत पुढे ढकलली. जुलै २०२३ आला आणि सक्तीच निघाली : नेट (सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा) किंवा सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. माझ्या ओळखीच्या दोघांनी केवळ त्या सक्तीच्या धास्तीने नोंदणी केली होती. प्रबंध अजून चालू आहेत, आता कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही.

संबंध? जवळचा. प्रबंध ग्रामीण कथेवर आणि बीएच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतोही ग्रामीण कथाच. समोर बसलेली पोरं त्याच कथांमधून उठून आलेली असतात. त्या तासापुरती माझी कसलीही तक्रार नसते.

पेटंटबाई

सेंद्रिय रसायनशास्त्र, २०१६, पुणे. खर्च सीएसआयआरच्या (केंद्राच्या विज्ञान संशोधन परिषदेच्या) फेलोशिपचा. २०११ साली लागले तेव्हा जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, महिना १६,००० होती. ऑक्टोबर २०१४ पासून २५,००० झाली, २०१९ पासून ३१,००० आणि २०२३ पासून ३७,०००. हे आकडे कागदावर आपोआप चढल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात संशोधक विद्यार्थी फलक घेऊन बसले तेव्हाच ते हलले, आमच्या बॅचचं एक अख्खं वर्ष थीसिस आणि निवेदनं यांत वाटलं गेलं.

पुढे दक्षिण कोरियात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) केलं, मग हैदराबादच्या औषध कंपनीत. तिथे पहिल्यांदा कळलं की मुलाखत घेणाऱ्याच्या लेखी माझा अनुभव शून्य आहे. एमएस्सी करून थेट कंपनीत लागलेली माझीच वर्गमैत्रीण तोवर टीम लीडर झाली होती. मिलिग्रॅममध्ये जमलेली रिॲक्शन किलोमध्ये गरम किती होते, हे तिला पाठ, मला पुस्तकात बघावं लागायचं.

आता पुण्यात पेटंटचं काम करते. पेटंट एजंटची परीक्षा दिली. आपल्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) म्हणतं की माहीत असलेल्याच औषधाचा नुसता नवा क्षार किंवा नवा स्फटिक काढून पेटंट मिळणार नाही, उपचारात गुण वाढलेला दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नोव्हार्टिसच्या कर्करोगावरच्या औषधाचा दावा याच मुद्द्यावर फेटाळला. तर 'हा स्फटिक खरोखर वेगळा आहे का आणि असला तर त्याने काय फरक पडतो' हे ठरवणं माझं रोजचं काम आहे. वकिलाला हे दिसत नाही आणि नुसत्या केमिस्टला त्यातला कायदा दिसत नाही.

संबंध जवळचा, फक्त हाताला सॉल्व्हंटचा वास नाही. घरच्यांना वाटतं मी संशोधन सोडलं. मी वाद घालत नाही.

अर्धवट

सोडून दिलेली पीएचडी इथे चालते का?

धागाकर्ता

चालते. अमेरिकन पाहणीत तुम्हाला जागा नाही, तिथे पदवी लागते. माझ्या मते ही त्या पाहणीतली मोठी फट आहे. लिहा.

अर्धवट

जैवभौतिकी. गाइड दुसऱ्या संस्थेत गेले, प्रयोगशाळा जुन्याच संस्थेत राहिली आणि मी दोन्हींच्या मधे. बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, कायम. जो प्रोग्रॅम मी रेणूंच्या हालचाली मोजायला लिहायला शिकलो, तसलेच आता ट्रकांच्या हालचाली मोजायला लिहितो. पगार पदवी मिळालेल्या मित्रांपेक्षा जास्त आहे. आईला त्याचं काही नाही, तिला पाटीवर 'डॉ.' हवं होतं.

गोटिंगेनकर

पेशीजीवशास्त्र, २०१४, मुंबई. त्यानंतर जर्मनी. इकडे पोस्टडॉकला विद्यार्थी समजत नाहीत, सरकारी श्रेणीतला पगार मिळतो, पेन्शन कापली जाते, पालकत्वाची रजा मिळते. पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी मी घरी फोटो काढून पाठवली होती.

मग इथला कायदा समजला. विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं राहता येतं. तेवढ्यात प्राध्यापकपद मिळालं तर ठीक, नाही तर बाहेरून आलेल्या प्रकल्पाच्या पैशांवर तगा किंवा विद्यापीठ सोडा. मधली कायम नोकरी असा प्रकार जवळजवळ नाहीच. मुलामागे दोन वर्षं वाढवून मिळतात, ती मला मिळाली.

हा कायदा किती छान आहे हे पटवून द्यायला इथल्या शिक्षण मंत्रालयाने एक छोटी चित्रफीत काढली होती. त्यात हाना नावाची एक काल्पनिक जीवशास्त्रज्ञ. सार असं की जुन्यांनी जागा अडवून व्यवस्था तुंबू नये म्हणून ही मुदत. जून २०२१ मध्ये 'मीच हाना' म्हणत हजारो जणांनी आपापल्या करारांच्या मुदती समाजमाध्यमांवर लिहिल्या आणि मंत्रालयाला ती फीत काढून घ्यावी लागली. मी तेव्हा लिहिलं नाही, करार नूतनीकरणाला गेला होता.

भारतात परतायचं तर जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. तीही ठरावीक वर्षांची. नवरा म्हणाला, मुदतच हवी तर इथलीच काय वाईट? आता मी औषधांच्या चाचण्या सांभाळणाऱ्या कंपनीत आहे. कायम. 'कायम' हा शब्द करारात वाचला आणि एचआरवालीला विचारलं, शेवटची तारीख लिहायची राहिली का?

तासिकावाले, तुमच्या ऑगस्ट ते मार्चपुढे आमची सहा वर्षं म्हणजे चैन आहे, जाणीव आहे.

जालनेकर

वनस्पती प्रजनन, राहुरी, २०१२. जालन्यात बियाणं कंपनीत, कपाशीचा ब्रीडर. कायम, पगार वेळेवर. संबंध इतका जवळचा की सुट्टीच्या दिवशीही शेतातच असतो. नवं संकरित वाण बाजारात यायला कित्येक हंगाम जातात, त्यामुळे आमच्याकडे कंपनीला माणूस टिकवावा लागतो, मधेच गेला तर वाणाचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो. विद्यापीठात जागा निघेल म्हणून माझे मित्र प्रकल्पांवर थांबून राहिले. मी थांबलो नाही एवढंच. गावात डॉक्टर म्हणतात, अधूनमधून कोणी म्हैस दाखवायला आणतं.

निवृत्त मास्तर

तासिकावाले, तुमचं वाचून राहवलं नाही.

मी १९७८ साली एमएच्या जोरावर लागलो. नेट नव्हती, सेट नव्हती. पीएचडी नंतर केली, यूजीसीच्या शिक्षक फेलोशिपवर, भरपगारी रजा घेऊन. इतिहास. दुपारी पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल (जुन्या कागदांची गाठोडी) सोडून बसायचो आणि पगार कॉलेजातून यायचा. आज हे सांगताना संकोच वाटतो.

तरी सगळं गोड होतं असं समजू नका. १९९१ पासून नेट-सेटची अट आली, पण महाराष्ट्रात पहिली सेट व्हायलाही वेळ गेला. दरम्यान लागलेले आमचे सहकारी वर्षानुवर्षं 'नेट-सेटबाधित' म्हणून अडकले. २०१३ साली प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार घातला त्यात हाही प्रश्न होता. नोकरी होती, पण तिच्यावर शिक्का होता.

मी निवृत्त झालो ती जागा भरलीच नाही. माझे तास आता दोन मुलं वाटून घेतात, दोघंही पीएचडी. कधी भेटले की वाकून नमस्कार करतात.

तासिकावाला

सर, तुमच्या जागेचा विषय इतिहासच ना? इकडे एका कॉलेजात इतिहासाच्या जागेवर भूगोल मागितलाय, कार्यभार कमी पडतो म्हणून. त्या दोघांना लक्ष ठेवायला सांगा.

मांडवीकाठची

सागरी जीवशास्त्र, गोवा, २००९. प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर) काम. प्रबंध सादर केला तेव्हा मुलगी पोटात होती. पुढची काही वर्षं घरी. फॉर्ममध्ये याला 'नोकरी नाही' म्हणतात, सासूबाई 'सध्या काही करत नाही' म्हणायच्या.

परत यायला केंद्राच्या विज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना कामी आली, खास खंड पडलेल्या बायकांसाठीच होती. तीन वर्षांचा प्रकल्प, स्वतःच्या नावावर. मधल्या काळात माझ्या जातींची शास्त्रीय नावंही बदलली होती, सगळं नव्याने पाठ केलं. प्रकल्प संपला, तसं कामही संपलं. आता किनाऱ्यावरच्या बांधकामांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्यांसाठी पाण्याचे नमुने तपासते. दर नमुन्यामागे पैसे, म्हणजे माझीही एक प्रकारे तासिकाच. संबंध जवळचा. ज्या अहवालात माझी पानं जातात त्यांच्याशी माझं नेहमी पटतंच असं नाही.

जीएसटीवाला

भौतिकशास्त्र, कोल्हापूर, २०१९. विषय ओळखा बघू! पातळ फिल्म, म्हणजे पदार्थाचे अगदी पातळ थर, सोलर सेलमध्ये असतात तसे. आमच्या विद्यापीठात दगड मारला तर तो पातळ फिल्मवाल्याला लागतो. काम चांगलं होतं आमचं, पेपरही भरपूर. पास झाला की पोरगं कोरियाला, हा ठरलेला रस्ता.

पेटंटबाई

खरंय. मला तिथे भेटलेले निम्मे मराठी लोक कोल्हापूरचे होते. रविवारी तांबडा-पांढरा व्हायचा.

जीएसटीवाला

मलाही बोलावणं होतं. पण वडिलांचा ऊस आणि धाकटीचं लग्न दोन्ही एका वर्षात आले. खुल्या वर्गाला एमपीएससीसाठी ३८ वर्षांची अट, माझ्याकडे दोनच संधी उरल्या होत्या. रात्री फर्नेस चालू असताना तिथंच बसून राज्यघटना वाचायचो. फिल्म तापायला वेळ लागतो, कलमं पाठ व्हायची.

आता राज्य कर निरीक्षक. कायम. एक तारखेला पगार. पीएचडीशी संबंध काहीच नाही आणि कारण विचाराल तर अमेरिकन यादीतली दोन-तीन एकत्र : घर, गाव, आणि त्या विषयात कोल्हापूर सोडल्याशिवाय काम नाही. ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. एकदा एका सोलर पॅनेलवाल्याच्या मालाच्या वर्गीकरणाचा वाद आला. साहेब म्हणाले, 'हे सेल म्हणजे नक्की काय असतं रे?' पाऊण तास फळ्यावर समजावलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे 'सर' म्हणायला लागले. सेवापुस्तकात शिक्षण अजून एमएस्सीच आहे, प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत द्यायची राहिलीय.