पावसात खाद्याचा साठा नकोच

पावसाळ्यासाठी कोंबड्यांच्या खाद्याच्या पाच गोण्या मे महिन्यातच एकदम भरून ठेवा, असा सल्ला दिला जातो; गोव्यात तरी तो मला पटत नाही. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना 50 किलोची एक गोणी दीड महिना जाते. जून-जुलैच्या दमट हवेत तेवढ्यातच गोळे होतात, मग बुरशी आणि तिच्यातून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष. उन्हात वाळवून ते विष पुरतं जात नाही, असलं खाद्य टाकूनच द्यावं. एकच गोणी घ्या, घट्ट झाकणाच्या पिंपात ओता, पिंप फळीवर ठेवा. पत्र्याचंच हवं; प्लास्टिक उंदीर कुरतडतात.

पैसे वाचवायचेत तर तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या फेकू नका! धुऊन, वाळवून, बारीक कुटून कोंबड्यांपुढे वेगळ्या भांड्यात ठेवा. कॅल्शियम फुकट.