अंगठीवर चोर कशाला कोरायचा?

शिक्कामोर्तब:
ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात शिक्क्याचा एक रोमन खडा आहे, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद. त्यावर ग्रीक वीर डायोमिडीज वेदीवरून पाय खाली टाकतोय, हातात ट्रॉय शहरातून पळवलेली अथीना देवीची मूर्ती. समोर त्याचा साथीदार ओडिसियस हुज्जत घालतोय. मारलेल्या पहारेकऱ्याचे नुसते पाय दिसतात. कोरणारा फेलिक्स, मालक कॅल्पर्निअस सेव्हेरस. दोघांची नावं दगडावरच आहेत.

देव चोरणारा माणूस कुणी हौसेने मिरवेल का? माझ्या मते यात अर्थ आहे. हीच मूर्ती पुढे रोमच्या व्हेस्टा देवीच्या मंदिरात आली आणि शहर राखू लागली, असं रोमन मानत. चोरी झाली म्हणून तर ती त्यांना मिळाली!

गारगोटी:
सोयीची कथा उचललीत. दुसऱ्या कथेत डायोमिडीजने नेली ती नक्कल, खरी मूर्ती रोमनांचा ट्रोजन पूर्वज एनिअस यानेच आणली. मग अंगठीवर फसलेला चोर मिरवायचा होय?

मला तर यात कारागिराची मिजास दिसते. उघडं शरीर, वळलेली कंबर, अधांतरी पाय, आणि हे सगळं कुरुंदाची पूड तेलात कालवून, फिरत्या सुईखाली, उलटं कोरायचं. गिऱ्हाईक त्या हाताला भुलतं, पुराणाला नाही.

शिक्कामोर्तब:
हाताला भुलतं, कबूल. पण असा खडा मेणावर दाबून शिक्का उमटवायचे, आणि शिक्का म्हणजे सही. सम्राट ऑगस्टस आधी स्फिंक्सचा, म्हणजे कोडी घालणाऱ्या पौराणिक प्राण्याचा शिक्का वापरायचा. लोक कोड्यांवरून टोमणे मारू लागले तेव्हा त्याने अलेक्झांडरचं डोकं घेतलं, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. ऑगस्टसचा विश्वासू मीसेनस याच्या शिक्क्यावर साधा बेडूक होता, पण तो दिसला की करवसुली आली म्हणून लोकांना धडकी भरायची. चित्र वाचलं जात होतं.

गारगोटी:
बड्यांचं वाचलं जात होतं. इंग्लंडमधल्या बाथच्या रोमन स्नानगृहाच्या गटारात तीसहून जास्त खडे सापडले, बहुधा वाफेने अंगठीतला डिंक सुटून पडलेले. त्या न्हायला आलेल्यांनी पुराणं चाळून खडा निवडला असेल? शिवाय साच्यात ओतलेल्या काचेचे स्वस्त खडेही होतेच. दुकानात असेल ते घेतलं.

गोदाकाठ:
थोडं विषयांतर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापार-पुस्तिकेत पैठणहून गाड्यांनी भडोचला भरपूर ओनिक्स (पट्ट्यांचा कोरायचा दगड) जात असल्याची नोंद आहे. आपलाही दगड असेल की त्यात!

गारगोटी:
असेलही. पण म्हणून फेलिक्सला पैठणी नेसवू नका.

शिक्कामोर्तब:
😄 काचेच्या खड्यांचं मात्र तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. डायोमिडीज त्या स्वस्त काचेतही सापडतो. तिथे ना फेलिक्सचा हात, ना मिजास. साचा करणाऱ्याने हाच चोर का निवडला? तो खपत होता म्हणूनच ना?

गारगोटी:
खपत होता, एवढंच सिद्ध झालं. का खपत होता, ते अजून तुमच्याकडेच बाकी.