राजेंद्रनगरात चटणीचा धंदा आहे, वाढवायचाय, ट्रेनिंग कुठं मिळंल?

माझी आई सहा वर्षं झाली घरातनंच कांदा-लसूण चटणी करून विकते. दोन खोल्या आहेत, उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी मिरची वाळत घालायला पत्र्यावर पण जागा पुरत नाही एवढ्या ऑर्डरी असतात, पण सीझन संपला की हातात काय उरत नाही. मागच्या महिन्यात बँकेत गेलो 2 लाखाच्या लोनसाठी, तर साहेब म्हणाले तारण काय, प्रॉपर्टी कार्ड आणा, ते आमच्या वस्तीत कुणाकडं आहे? आई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली राहू दे बाळा, चल घरी. लई लागलं मला ते. तिला धंद्यातलं नीट कुणीतरी शिकवणारं पाहिजे, कुठं जाऊ?

पापडवाल्या ताई:
बाळा, आईला सांग खचू नका. सूक्ष्म उद्योगाला, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या धंद्याला, 2 लाखासारख्या लोनला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मुद्रा लोन त्यातच येतं, शिशु 50 हजारापर्यंत आणि त्याच्या पुढं 5 लाखापर्यंत किशोर. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर फुकट होतं, एजंटला एक रुपया देऊ नका, आणि खायचा माल आहे म्हणून फूड लायसनवाल्यांकडं नोंदणी पण करा.
पण लोनच्या आधी हिशोब. मी बचत गटाच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा मॅडमनी कागदावर एक किलो उडीद पापडाचा खर्च लिहायला लावला. मी डाळ, पापडखार, तेल लिहून मोकळी झाले. मॅडम म्हणाल्या दळणाचे? रिक्षाचे? पिशवी, गॅस? आणि तुमची मजुरी कुठाय? सगळं धरलं तर किलोमागं 40 रुपये मीच पदरचे घालत होते, चार वर्षं! त्या दिवशी घरी येऊन रडले मी. दर वाढवला तर दोनच गिऱ्हाईकं तुटली.

सुभाषनगरचा:
ताई बरोबर बोलल्या. आमचे वडील चप्पल बांधतात, पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या सरकारी योजनेतनं 5 दिवसाचं ट्रेनिंग केलं, दिवसाला 500 मिळाले आणि अवजारांना 15 हजार, पण त्यात ठरलेले 18च धंदे आहेत, चटणी बसत नाही. तुम्ही जिल्हा उद्योग केंद्रात जा, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात बायकांना शहरात धंद्याच्या खर्चावर 25 टक्के सबसिडी आहे, स्वतःचे 5 टक्के घालायचे, आणि त्यात ट्रेनिंग पण असतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कोर्स पण तिथंच विचारा. वडलांना लिहिता येत नाही, फॉर्म मी भरतो, तसं आईंच्या सोबत तुम्ही जाच, खिडकीवर एकटं माणूस बुजतं.

मूळ पोस्टवाला:
ताई, काल रात्री आईला घेऊन बसलो वही काढून. मिरची, खोबरं, लसूण, तीळ सगळं तोंडपाठ सांगितलं तिनं, पण डंकावर कांडायचे पैसे सहा वर्षांत कधी धरलेच नव्हते, म्हणाली ते काय, माझ्या भिशीतनं देते की मी. सोमवारी उद्योग केंद्रात जातोय दोघं. सुभाषनगरचे दादा, कागदं काय काय लागतात तेवढं सांगा.