गाण्यात ‘हरकत घेतात’ ती कोणती?

परवा रविवारी सासऱ्यांबरोबर माटुंग्याला गाण्याला गेलो होतो, म्हणजे जावं लागलं, त्यांचा नेहमीचा जोडीदार गावी गेलेला. मी मूळचा मेटल ऐकणारा, सकाळच्या विरार फास्टमध्ये लटकायचं तर कानात काहीतरी दणदणीत पाहिजे, आणि शास्त्रीय म्हणजे एकच ओळ अर्धा तास धुणार एवढंच डोक्यात. तर गाणं चालू असताना शेजारचे आजोबा एकदम म्हणाले, “वा! काय हरकत घेतली!” मला वाटलं साउंडवाल्याशी काहीतरी वाजलं म्हणून मी मान वळवून मागे बघायला लागलो. मध्यंतरात वडा खाताना सासऱ्यांना हे सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. पण उत्तर काही नीट मिळालं नाही. आक्षेपवाली हरकत आणि ही हरकत, एकच शब्द आहे का?

— एकच. मूळ अरबी, अर्थ हालचाल. हिंदीवाले ‘ये क्या हरकत है’ म्हणतात तेव्हा ती कृती असते, बहुतेक वेळा आगाऊ. आपल्याकडे अडथळा आणि आक्षेप हे अर्थ रुळले म्हणून ‘काही हरकत नाही’. मजा म्हणजे अरबी लिपीत अक्षराच्या वरखाली ऱ्हस्व स्वराच्या ज्या बारीक खुणा देतात त्यांनाही हरकतच म्हणतात. गाण्यात मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ आहे: ओळ सरळ चाललीये आणि गायक मध्येच आवाज चटकन हलवून दोनचार स्वर घेऊन परत जागेवर येतो. त्यात जरा धक्का असला की खटका, नाजूक असली की मुरकी, पण हद्दी काही आखलेल्या नाहीत, दोन गुरूंना विचाराल तर तीन व्याख्या मिळतील.

— खटका निघालाय तर ‘चीज’ पण घ्या. फारसीत साधी वस्तू. गाण्यात बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, आणि ती स्त्रीलिंगी, ‘यमन रागातली चीज गायली’. पण कष्टांचं चीज होतं ते नपुंसकलिंगी. (सँडविचवाला किसून घालतो ते तिसरं, त्याचा संबंध नाही.) संगीताचे अभ्यासक भातखंडे, जन्म 1860, आपल्या वाळकेश्वरचे, शिक्षणाने वकील, त्यांनी उस्तादांकडून असल्या हजारावर चीजा मिळवून स्वरलिपीत छापल्या, नाहीतर घराण्यातली चीज बाहेरच्याला द्यायला लोक काय तयार असायचे!

— शब्दांचं ठीक आहे हो, पण शब्द कळला म्हणून गाणं आवडतं का? मी गिरगावात वाढले, घरात कायम रेडिओवर हेच, आणि मला आजही भावगीतच बरं वाटतं. ‘आवडत नाही’ म्हटलं की लोक ‘तुला कळत नाही’ असं ऐकतात, हा माझा खरा राग आहे. दोन्ही वेगळं आहे.

— वेगळं आहे, मान्य, आणि भावगीत काही खालच्या पायरीवरचं नाही. पण माझ्यापुरतं सांगतो (मूळ प्रश्न माझाच), सोमवारी लोकलमध्ये मुद्दाम यमनचं रेकॉर्डिंग लावलं. सासऱ्यांनी सांगितलेलं की पहिल्याच दिवशी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, ऐकू नकोस, एक आवर्तन (तालाचा एक फेरा) संपायला पाऊण मिनिट लागतं, माणूस झोपतो, त्यापेक्षा मध्यलय तीनताल लाव. 16 मात्रा, अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजायच्या, 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला काल, म्हणजे टाळी न देता रिकामी जागा. बोरिवली ते अंधेरी एकदाही सम, म्हणजे पहिली मात्रा, सापडली नाही. वांद्र्याच्या आसपास गायक आणि माझा अंगठा एकदम पहिल्या पेरावर आले आणि मी मोठ्याने ‘हां’ म्हणालो, समोरचा माणूस बॅग घेऊन सरकला. त्यानंतर त्याच ओळीत ती हरकत ऐकू आली, एवढीशी, अर्ध्या सेकंदाची. आदल्या दिवशी तिथे काही आहे हेच कळलं नव्हतं. आवडलं का? माहीत नाही अजून. एक तासभर ऐकेन असं नाही वाटत. पण मंगळवारी परत मेटल लावलं तर गिटारवाला एक स्वर वाजवून तार बोटाने ओढून हळूच वरच्या स्वराला नेतो, तो तुकडा मी तीनदा मागे घेऊन ऐकला. त्याला मींड म्हटलं तर चालतं का, की जाणकार मारतील?

— चालतंय की. सतारीवरही तार ओढूनच मींड काढतात. फक्त सासऱ्यांना ऐकवताना आवाज कमी ठेवा, ड्रम सुरू व्हायच्या आत बंद करा.