मदत हवी आहे: शाळा न शिकलेल्या माणसाची स्मरणशक्तीची चाचणी मराठीत कुठं होते?

परभणी जिल्ह्यातून लिहितोय. मायचं वय ७४, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वर्षभरात विसरणं फार वाढलंय. भाकरी तव्यावर टाकते अन् लगेच विचारते, तवा कुणी ठेवला? "वयोमानानं होतंच" हे सगळ्यांकडून ऐकून झालं. पण भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मरणशक्ती अन् विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार) आहे, त्यात अल्झायमर या प्रकाराचा वाटा मोठा. म्हणजे म्हातारपणी सगळ्यांना होतो असं नाही.

बी-१२, थायरॉइड, सिटी स्कॅन नॉर्मल. शुगर नाही, बीपीची गोळी चालू, ऐकू नीट येतं.

अडलंय चाचणीवर. दवाखान्यात तिला म्हणाले वाक्य लिहा, पंचकोन काढा. जिनं कधी पेन धरला नाही तिचे मार्क जाणारच की! निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी आहे, हरियाणातल्या बल्लभगडला तयार झालेली, पण मायला हिंदी जमत नाही.

पुण्या-मुंबईला नेणं शक्य नाही, लांबचा प्रवास तिला झेपत नाही. नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला अशी चाचणी मराठीत, घरच्यांनाही विचारून करणारे न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दवाखान्यात आहेत, अन् ओपीडी कोणत्या वारी असते?